जाड, गोलसर देवनागरी अक्षर : रेखाटनापासून फलकापर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या स्नेहमेळाव्यासाठी मी ‘भाजी-भाकरी’ असा एक फलक तयार केला होता. संगणकाच्या पडद्यावर तो चांगला गुबगुबीत आणि प्रसन्न दिसत होता. छापून टांगल्यावर मात्र दहा पावलांवरून तो ‘माजी-माकरी’ असा वाचला जाऊ लागला, आणि दिवसभर त्या टेबलापाशी माजी पदाधिकाऱ्यांवरचे विनोद चालू राहिले. चूक सर्वस्वी माझी होती. मुळात जाड असलेला फॉन्ट मी बटण दाबून आणखी जाड केला होता, आणि ‘भ’च्या डोक्यावरची एवढीशी मोकळी जागा त्या जाडीने गिळून टाकली होती.

जाड अक्षर काढणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचाही खरा व्यवहार पांढऱ्या जागेशी असतो. रेषा जाड करणे कोणालाही जमते. त्या जाडीनंतर उरणारी पोकळी कोणत्या अक्षरात किती ठेवायची, हा हिशेब ज्याला जमला त्याचे अक्षर दुरून वाचता येते. पुढील मार्गदर्शनाचा पहिला भाग असे अक्षर रेखाटू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि दुसरा भाग तयार फॉन्ट घेऊन फलक, वेष्टन, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा संकेतस्थळाचे शीर्षक करणाऱ्यांसाठी. तरीही दुसऱ्या गटाने पहिला भाग वगळू नये, कारण वापरातील बहुतेक चुका रचना न समजल्यामुळेच होतात.

नमुने समोर ठेवावेत

रोमन लिपीत गोल टोकांच्या अक्षरांची परंपरा जुनी आहे. फोक्सवागनच्या विक्री-वितरण जाळ्यासाठी १९७९ साली तयार झालेला ‘व्हीएजी राउंडेड’ हा त्यातला सर्वांत परिचित नमुना. त्याच्या प्रत्येक रेषेचे टोक अर्धवर्तुळाकार आहे. देवनागरीसाठी मात्र अभ्यासाला दोन नमुने पुरेसे आहेत, आणि दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे आहेत. पहिला ‘बालू’. त्याची मूळ आवृत्ती एकाच वजनात, म्हणजे जाडीच्या एकाच पायरीत होती; नंतरच्या ‘बालू २’ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजने मिळतात. त्याचे कोपरे मऊ केलेले आहेत, पण टोके पूर्ण अर्धवर्तुळाकार नाहीत. दुसरा ‘मोदक’. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रेखाटलेल्या या फॉन्टमध्ये अक्षर इतके फुगवलेले आहे की आतील पोकळीची केवळ बारीक रेघ उरते. नावाला जागणारे अक्षर आहे, आणि उकडीच्या मोदकाच्या कळ्यांची आठवण त्या रेघांवरून सहज होते.

हे दोन्ही फॉन्ट विनामूल्य मिळतात. ते उतरवून घ्यावेत, ‘इ, छ, झ, क्ष, ह्म, भ, ध, ब’ ही अक्षरे प्रत्येकी तळहाताएवढ्या आकारात छापावीत आणि पेन्सिलीने फक्त पांढऱ्या जागा रंगवाव्यात. ‘बालू’मध्ये पोकळीला स्वतःचा आकार आहे, ‘मोदक’मध्ये पोकळीला रेषेची भूमिका दिलेली आहे. आपल्याला यांपैकी कोणत्या वाटेने जायचे आहे हे पहिल्याच दिवशी ठरवावे, कारण मधल्यामध्ये राहणारे अक्षर गोंधळलेले दिसते.

आडव्या रेषांचा हिशेब

रोमन लिपीतील ‘एन’ किंवा ‘ओ’ जाड करताना रुंदी वाढवून सुटका होते. देवनागरीत ती सोय अर्धीच आहे, कारण आपल्या अक्षरांत रेषा एकावर एक रचलेल्या असतात आणि सर्वांच्या डोक्यावर शिरोरेषा बसलेली असते. म्हणून रेखाटन ‘अ’पासून सुरू न करता सर्वांत दाटीच्या अक्षरापासून करावे. मी ‘इ’ निवडतो.

समजा, फॉन्टच्या हजार एककांच्या चौकटीत शिरोरेषेसह अक्षराची उंची ६२० एकके आणि शिरोरेषेची जाडी १२० एकके ठेवली. खाली ५०० एकके उरतात. ‘इ’मध्ये साधारण तीन आडवी वळणे आहेत, प्रत्येक वळण ११० एककांचे केले तर ३३० एकके काळ्यात जातात आणि उरलेली १७० एकके तीन पोकळ्यांत वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ५७ येतात. वळणे ९५ वर आणली तर पोकळी सुमारे ७२ होते. पंधरा एककांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. रस्त्यापलीकडून पाहताना मात्र ‘इ’ दिसणे आणि काळा डाग दिसणे यांतला तो फरक असतो.

यातून पुढचा नियम निघतो. जाड देवनागरी अक्षरात उभ्या रेषा सर्वांत जाड, शिरोरेषा त्यांहून थोडी बारीक आणि पोटातील आडवी वळणे आणखी बारीक ठेवावी लागतात. काना १५० एककांचा असला तर वरील उदाहरणातील १२० आणि ९५ हे प्रमाण डोळ्यांना एकसारख्या जाडीचे भासते. मोजपट्टीने एकसारखे केलेले अक्षर उलट आडवे पसरलेले आणि जड दिसते. दाटीच्या अक्षरांना थोडी अधिक रुंदीही द्यावी. ‘झ’ आणि ‘क्ष’ यांना ‘व’च्या रुंदीत कोंबण्याचा मोह टाळावा.

‘इ’ जमली की ‘व’ घ्यावा, कारण त्याचे पोट ‘ब’ आणि ‘क’मध्ये उपयोगी पडते. त्यानंतर ‘म’, म्हणजे गाठ हाती लागते आणि ‘भ’कडे जाता येते. मग ‘द’, त्याच्या वळणावरून ‘ट, ठ, ड, ढ, ह’ यांची दिशा ठरते. एवढी अक्षरे एका वळणाची झाली की बाकीची फार त्रास देत नाहीत. गाठीबद्दल एक सूचना : बोरूच्या अक्षरात गाठीला पोकळी असते, जाड अक्षरात ती बहुधा बुजते. ती सर्वत्र उघडी ठेवावी किंवा सर्वत्र भरीव करावी. ‘म’ची उघडी आणि ‘भ’ची भरीव असे होऊ देऊ नये.

गोलाई कुठे आणि किती

टोक अर्धवर्तुळाकार केले की अक्षर लाडिक होते, कोपरा थोडाच घासला की ते ठसठशीत आणि मऊ राहते. मुलांच्या खेळण्यांसाठी पहिले शोभेल. मिठाईच्या दुकानापासून बँकेच्या बचतयोजनेपर्यंत सर्वत्र चालावे अशी अपेक्षा असेल तर दुसरे घ्यावे. कोणतेही निवडले तरी गोल टोक सपाट टोकापेक्षा आखूड भासते हे लक्षात ठेवून कान्याचा खालचा शेवट पायरेषेच्या, म्हणजे अक्षरे ज्या रेषेवर टेकतात तिच्या, किंचित खाली उतरवावा. पोट दंडाला मिळते त्या सांध्यात काळे साचते. तेथे पोटाची रेषा दंडाजवळ येता येता बारीक करावी आणि गरज भासल्यास आत एक छोटी खाच ठेवावी. छापताना शाई पसरते तेव्हा ती खाच भरते आणि सांधा स्वच्छ दिसतो.

आतील आणि बाहेरील गोलाई सारखी ठेवण्याची चूक नवखे हमखास करतात. बाहेरच्या कोपऱ्याची त्रिज्या मोठी आणि आतल्या पोकळीच्या कोपऱ्याची बरीच लहान असावी, अन्यथा पोकळी अंडाकृती होऊन अक्षराचा कणा हरवतो. ‘ग’ आणि ‘ण’ यांच्यात हे विशेष जाणवते.

आता शिरोरेषेचा सांधा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा संगणकात स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेला भिडून सलग दिसते. तिची टोके गोल केली की दोन अक्षरांच्या मध्ये वर आणि खाली छोट्या खाचा दिसू लागतात. उपाय दोन आहेत. एक म्हणजे टोके एकमेकांत पुरेशी शिरू द्यावीत : टोक अर्धवर्तुळाकार असेल, तर दोन शिरोरेषांचा परस्परांवर येणारा भाग शिरोरेषेच्या जाडीइतका, आपल्या उदाहरणात १२० एककांचा असला पाहिजे, त्याहून कमी असल्यास खाच राहतेच. दुसरा उपाय म्हणजे शब्दाच्या आत सपाट टोके ठेवून शब्दाच्या आरंभी व शेवटी गोल टोकांचे पर्यायी आकार आपोआप येतील अशी सोय फॉन्टमध्ये करावी. दुसरा मार्ग देखणा आहे, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो अनेकदा चालत नाही. पहिल्यात बिघडण्यासारखे काही नाही, म्हणून मी त्याचीच शिफारस करतो.

एका रेघेने बदलणारी अक्षरे

‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्यांत ओळख पटवणारी मुख्य खूण म्हणजे डावीकडची गोल सुरुवात आणि तिच्यावर तुटलेली शिरोरेषा. जाडी वाढली की ती फट बुजते. मग ‘दूध’चे ‘दूघ’ होते आणि ‘थाळी’ची ‘याळी’. ही फट अक्षरातील इतर कोणत्याही पोकळीपेक्षा मोठी ठेवावी, मग ती जवळून थोडी अति वाटली तरी हरकत नाही. ‘ब’ आणि ‘व’, तसेच ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात पोटातल्या तिरक्या रेषेवर सगळी मदार असते. ती रेषा बारीक करावी, पण वगळू नये. पोटच इतके लहान असेल की रेषेच्या दोन्ही बाजूंना पांढरे उरत नाही, तर अक्षर रुंद करावे. ‘ख’च्या बाबतीत दोन भाग खाली जोडलेले स्पष्ट दिसावेत, नाहीतर ‘खाऊ’चा ‘रवाऊ’ होतो.

डोक्यावरच्या आणि पायाखालच्या खुणा

जाड फॉन्टची खरी परीक्षा वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार येथे होते. ‘मूर्तींची’ हा शब्द लिहून पाहावा : एका अक्षरावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तीन पाहुणे एकदम येतात. त्यांना मुख्य अक्षराचीच जाडी दिली तर डोक्यावर गाठोडे दिसते. वरच्या खुणा मूळ रेषेच्या तीन-चतुर्थांश जाडीच्या कराव्यात आणि अशा जुळण्यांसाठी वेलांटी, रफार व अनुस्वार मिळून एकच स्वतंत्र आकार रेखाटावा. तीन सुट्या खुणा यांत्रिकपणे शेजारी बसवू नयेत. ऱ्हस्व वेलांटीची कमान आपल्या अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचली पाहिजे, म्हणून तिच्या निदान चार-पाच वेगवेगळ्या रुंदी लागतात. ‘कि’ची वेलांटी ‘स्थि’ला आखूड पडते.

खालच्या बाजूला ‘द्रुतगती’, ‘हृदय’ आणि ‘ऑर्केस्ट्रा’ हे शब्द तपासावेत. जोडाक्षरे उभी रचायची की आडवी, हा निर्णय जाड अक्षरात जवळपास ठरलेलाच असतो. ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘ह्म’ यांची पारंपरिक उभी रचना बारीक अक्षरात सुरेख दिसते. जाडीत मात्र दोन मजले करण्याइतकी उंची उरत नाही. जेथे अर्धे अक्षर आडवे जोडता येते तेथे तसेच करावे, आणि ‘द्ध’सारख्या रूढ आकारांपुरतीच रेषा बारीक करून उभी रचना सांभाळावी. ‘द्‌ध’ असा पाय मोडून सुटका करून घेणे मला पटत नाही. ‘बुद्ध’ हे नाव फलकावर मोडक्या पायाने लिहिलेले पाहवत नाही.

मराठीसाठी फॉन्ट करत असाल तर आणखी तीन गोष्टी राहतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांपेक्षा वेगळी आहेत; दोन्ही द्यावीत आणि भाषा मराठी निवडल्यावर आपली वळणे यावीत अशी योजना करावी. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र फार बारीक होऊ देऊ नये, कारण जाड अक्षरांच्या गर्दीत तो नाहीसा होतो. आणि ‘ॲ’ विसरू नये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणयादीत, हे अक्षर २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत आले, त्यामुळे जुन्या फॉन्टांत ते नसते, आणि ‘ॲप’ लिहिलेल्या फलकावर पहिले अक्षर परक्या, बारीक फॉन्टमध्ये उमटते.

रेखाटनासाठी मॅकवर ‘ग्लिफ्स’ हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. खर्च नको असेल तर ‘फॉन्टफोर्ज’मध्येही सर्व काही करता येते, फक्त संयम अधिक लागतो.

तयार फॉन्ट वापरताना

आधी मजकूर पाहावा. जाड, गोलसर अक्षर एका ओळीत चार-पाच शब्दांपर्यंत बोलते, त्यापुढे ते ओरडू लागते. दुकानाचे नाव, बालवाडीचा फलक, फरसाणाचे पाकीट, मोबाइलवरील खेळाचे बटण, बालनाट्याची जाहिरात, व्हिडिओचे मुखचित्र ही त्याची घरची जागा. श्रद्धांजलीचा फलक, औषधाच्या मात्रेची सूचना, निविदा किंवा सभेचे इतिवृत्त येथे ते वापरू नये. शीर्षकाखालच्या मजकुरासाठी साधा, बारीक वजनाचा फॉन्ट घ्यावा. ‘बालू’ किंवा ‘मोदक’बरोबर त्याच संस्थेचा ‘मुक्त’ चांगला बसतो.

वजन निवडताना पार्श्वभूमी विचारात घ्यावी. गडद रंगावर पांढरे अक्षर डोळ्यांना अधिक जाड भासते आणि त्यातील गडद पोकळ्या आक्रसतात. म्हणून पांढऱ्यावर काळ्या अक्षरासाठी एक्स्ट्रा बोल्ड योग्य ठरत असेल, तर काळ्यावर पांढऱ्यासाठी एक पायरी खाली येऊन बोल्ड घ्यावा. रात्री पेटणाऱ्या एलईडी फलकासाठी आणखी एक पायरी खाली उतरावे, कारण उजेड कडेवरून सांडतो.

ज्या फॉन्टला एकच वजन आहे, त्यावर ‘बोल्ड’चे बटण कधीही दाबू नये. सॉफ्टवेअर अशा वेळी खरे जाड अक्षर आणत नाही, असलेल्या अक्षराला चहूबाजूंनी शाई फासते. माझी ‘माजी-माकरी’ अशीच झाली होती. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची रोमन लिपीतील पद्धतही येथे चालत नाही, कारण शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जागा भरायचीच असेल तर शब्दांमधील अंतर वाढवावे किंवा अक्षर मोठे करावे. दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडणार नाहीत इतके अंतर ठेवावे. अक्षराच्या आकाराच्या सव्वा ते दीडपट अंतरापासून सुरुवात करून डोळ्यांनी ठरवावे.

दोन लिप्यांचा फलक असेल तर ‘बालू’चे कुटुंब उपयोगी पडते. त्यात गुजरातीचा ‘भाई’, बंगालीचा ‘दा’, गुरुमुखीचा ‘पाजी’, कन्नडचा ‘तम्मा’, तमिळचा ‘तंबी’, तेलुगूचा ‘तम्मुडु’, मल्याळमचा ‘चेट्टन’, ओडियाचा ‘भैना’ आणि उर्दूचा ‘भाईजान’ अशी भावंडे आहेत. प्रत्येकाच्या नावात त्या त्या भाषेतील भाऊ आहे. बेळगावात मराठी-कन्नड किंवा वडोदऱ्यात मराठी-गुजराती फलक करताना दोन्ही लिप्यांची जाडी आणि गोलाई आपोआप जुळते, अन्यथा एक लिपी यजमान आणि दुसरी आश्रित दिसते.

छपाईच्या दुकानात

येथे सर्वाधिक काम बिघडते. अनेक फ्लेक्सवाल्यांकडे अजून युनिकोडपूर्व फॉन्ट चालतात. तुमचा मजकूर त्यात चिकटवला की अक्षरांची खिचडी होते. म्हणून मजकूर कधीही टाइप केलेल्या स्वरूपात देऊ नये. स्वतःच्या संगणकावर तपासून अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करावे आणि पीडीएफ द्यावी. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्याशिवाय वेलांट्या जागेवर बसत नाहीत. विनामूल्य ‘इंकस्केप’मध्ये त्या थेट नीट येतात.

रूपांतर केल्यावर सर्व अक्षरे एकत्र करावीत, म्हणजे कोरलड्रॉच्या भाषेत ‘वेल्ड’ करावीत. आधी सांगितल्याप्रमाणे शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. साध्या छपाईत ते दिसत नाही. पण अक्षराला बाहेरून किनार दिली की प्रत्येक सांध्यावर आडवेउभे काप उमटतात, आणि व्हिनाइल कापणारे यंत्र तर त्या रेषांवरून खरोखरच पाते फिरवते. एकत्रीकरणानंतर किनार द्यावी आणि तीही बाहेरच्या बाजूनेच. मध्यावर दिलेली किनार अर्धी आत शिरून पोकळ्या खाते.

लाकूड किंवा ॲक्रिलिक राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या कोरणीयंत्राने, कापायचे असेल तर गोलसर अक्षरासारखे दुसरे सोयीचे अक्षर नाही, कारण गोल पाते आतला टोकदार कोपरा कापूच शकत नाही. मात्र सर्वांत अरुंद पोकळी पात्याच्या व्यासाहून मोठी असल्याची खात्री करावी. ‘मोदक’सारख्या फॉन्टमध्ये ती बहुधा नसते. कापडावरच्या भरतकामातही त्या बारीक रेघा दोऱ्याखाली दबतात. रांगोळीचा किंवा रंगाचा साचा कापताना ‘व’, ‘ब’, ‘प’ यांच्या पोटातील तुकडा गळून पडतो, कारण शिरोरेषेमुळे आपल्या बहुतेक पोकळ्या बंद असतात; तेथे शिरोरेषेच्या किंवा पोटाच्या रेषेत छोटे पूल सोडावेत.

परवान्याचे थोडक्यात : ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यांत बोधचिन्ह करणे, वेष्टनावर छापणे, संकेतस्थळावर लावणे आणि गरजेनुसार बदल करणे हे व्यवसायासाठीही चालते. तो फॉन्ट एकटाच विकता येत नाही, आणि बदललेली आवृत्ती वाटायची असेल तर ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

अंतिम छपाईला होकार देण्यापूर्वी त्याच फ्लेक्सवर किंवा कागदावर एका शब्दाचा पूर्ण आकारातील तुकडा मागून घ्यावा. तो समोरच्या भिंतीवर लावून, मजकूर आधी न पाहिलेल्या माणसाला लांबून मोठ्याने वाचायला सांगावे. शब्द निवडताना त्यात ‘भ’ असेल असे पाहावे.